नाण्याचे वय आणि नाण्याचे मोल

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे जे लेणे आहे, त्याच्या भिंतीवर क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. आपल्या दानधर्माची यादी देताना तो सांगतो की, इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर आपण नावा ठेवून लोकांना विनामूल्य पैलतीरी जाण्याची सोय करून दिली. यांतील दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी, असे पंडित मानतात. आजपासून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आमच्या डहाणूचे नाव असे दगडावर लिहिले गेले आहे. डहाणूकर मंडळींस याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. परंतु आज मला त्याच लेण्यातील दुसऱ्या एका हिशेबाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

हा उषवदात पैशाच्या बाबतीत मोठा काटेकोर गृहस्थ असला पाहिजे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस कार्षापण. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. शाळामास्तराने उदाहरण घालावे तसा हा हिशेब आहे आणि तो बरोबर सुटतो. पुढे तो असेही लिहितो की, सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण; एका सुवर्णास पस्तीस कार्षापण हा दर. नाण्याला त्या काळीही दर होता, आणि तो दर नाणे जुने की नवे यावर ठरत नव्हता.

आता याच नहपानाच्या चांदीच्या नाण्यांची गोष्ट ऐका. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही नाणी अत्यंत दुर्मिळ गणली जात. एका बाजूस राजाचे मुख व भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नाव. असा नमुना हाती आला तर संग्राहकाने तो जिवापाड जपावा. पुढे १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी या गावी जमिनीत एक साठा सापडला. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती! काल जे दुर्मिळ होते, ते एका दिवसात विपुल झाले. नाण्यांचे वय तेवढेच राहिले, चांदी तेवढीच राहिली, राजाही तोच. तरी एकेका नाण्याचे दुर्मिळपण गेले.

परंतु या साठ्याने दुसरे एक मोल निर्माण केले. त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नहपानाच्या मुखावर सातवाहनाचा शिक्का! गौतमीपुत्राने नहपानाचा मुलूख जिंकून त्याचा खजिना आपल्या नावाने चालविला, याचा असा डोळ्यांना दिसणारा पुरावा त्या साठ्याने दिला. हीच नाणी जर एकेक करून सोनारांच्या मुशीत गेली असती, तर दोन-अडीच हजार तोळे चांदी मिळाली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान कोरे राहिले असते.

आजच्या विषयाचे बहुतेक सारे मर्म मला या एका साठ्यात दिसते. नाणे जुने आहे एवढ्याने ते मोलाचे ठरत नाही. त्यातील धातूचे मोल बाजारात कोणीही सांगू शकतो. त्यापलीकडचे जे मोल असते, ते त्या प्रकारची नाणी किती उरली आहेत, हे नाणे कोणत्या स्थितीत आहे, आणि ते कोठे, कशाबरोबर सापडले याची खात्रीची माहिती आहे की नाही, यावर असते. ज्याच्याजवळ ही माहिती नाही, त्याला लुबाडणे फार सोपे.

आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जुनी नाणी नाहीत असे घर विरळा. किनाऱ्यावर बागायतदारांची घरे, आत डोंगरापर्यंत वारली बांधवांचे पाडे, दमण अगदी शेजारी, आणि १७३९ पर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल. त्यामुळे ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्यात, कणगीत काय सापडेल याचा नेम नसतो. मी काही नाणकशास्त्रज्ञ नव्हे. परंतु शाळेत इतिहास शिकविला म्हणून आजूबाजूचे लोक फडक्यात बांधलेली नाणी घेऊन अजूनही माझ्याकडे येतात, आणि येताना प्रत्येकजण एक तरी समजूत बरोबर आणतो.

सर्वांत जुनी समजूत संजाणची. संजाण तलासरीपासून फार दूर नाही, सरहद्दीपलीकडे गुजरातेत. इराणातून निघालेले पारशी तेथे उतरले, हे सर्वांना ठाऊक आहे. शेतात चांदीचा एखादा जाडसर, ओबडधोबड तुकडा मिळाला, त्यावर एका बाजूस मुखासारखे काही आणि दुसऱ्या बाजूस अग्निवेदीसारख्या रेघा व ठिपके दिसले, की हे पारशांनी इराणातून आणलेले नाणे असा निर्णय होतो. वास्तविक ही गधैया नाणी होत. इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांचा नमुना हूणांच्या काळी हिंदुस्थानात रुजला. त्याची नक्कल, नकलेची नक्कल, असे होत होत कित्येक शतके ही नाणी गुजरात, माळवा, राजस्थान आणि कोकण या भागांत चालली. नकलेत राजाचे मुख इतके बिघडले की ते मुख आहे हे सांगितल्यावाचून कळत नाही. संजाणशी त्यांचा काही संबंध नाही. हजार वर्षांच्या घरातील हे नाणे. पण त्यांचे साठेच्या साठे सापडले असल्यामुळे साधा गधैया काही शे रुपयांत मिळून जातो. माझ्याकडे ज्यांनी तो आणला, त्यांच्या चेहऱ्यावरील निराशा मला पाहवत नाही. पण खरे ते सांगावे लागते.

शिवराईचेही तसेच आहे. शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन फारच थोडे उरले आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. शिवराई मात्र पुढे छत्रपतींच्या वारसांच्या आणि पेशव्यांच्या काळी ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही काही काळ चालली. आज जी शिवराई हाती येते, ती बहुधा या उत्तरकाळातील असते. ती महाराजांच्या हातची म्हणून पूजेत ठेवणाऱ्याच्या भक्तीस मी धक्का लावू इच्छीत नाही. परंतु त्याच भक्तीवर कोणी पाच हजार रुपये उकळू पाहील, तर त्यास अक्षरे व ठसा जाणकाराकडून वाचवून आणावयास सांगावे.

आता रुपयाकडे वळू. आमच्या भागात वारली घरांतून आणि किनाऱ्यावरील जुन्या घरांतूनही चांदीच्या रुपयांच्या माळा आहेत. या माळा कशा झाल्या याचा विचार केला म्हणजे मन भरून येते. १९४५ च्या मे महिन्यात झरी या गावी वारली शेतमजुरांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज तलासरीत आहे. वेठबिगारी बंद करावी आणि दिवसाची मजुरी बारा आणे मिळावी, अशी तेथील मागणी होती. श्रीमती गोदावरी परुळेकर यांचे नाव या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. गवतकापणीसाठी मागणी होती, पाचशे पौंड गवतास अडीच रुपये. म्हणजे एका रुपयास दोनशे पौंड गवत! आणि हा दर मिळावा म्हणून माणसांना लढावे लागले. त्याआधी तो मिळत नव्हता. वीस रुपयांची माळ म्हणजे बारा आण्यांच्या मागणीच्या दरानेसुद्धा जवळजवळ सत्तावीस दिवसांची मजुरी होते, आणि तीही काही न खाता शिल्लक टाकलेली. अशी माळ जेव्हा आठवडी बाजारात कोणी फेरीवाला भांड्यांच्या मोबदल्यात घेऊन जातो, तेव्हा काय जाते याचा हिशेब त्या घरातील नव्या पिढीला नसतो.

म्हणून हा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. १८३५ पासून कंपनी सरकारने सर्व हिंदुस्थानासाठी एकाच वजनाचा रुपया सुरू केला: एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये असे आहेत. अशा रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते; झिजलेल्यात थोडी कमी. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. त्या रुपयात ५.८ ग्रॅमच्या आसपास चांदी आहे. त्याच्या दातेरी कडेत मधोमध खाच असते, त्यावरून तो ओळखता येतो. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया निकलचा आहे. त्यात चांदी मुळीच नाही. वर्तमानपत्रातील चांदीचा त्या दिवसाचा दर घ्यावा आणि गुणाकार करावा. याहून कमी किमतीस चांदीचा रुपया देऊ नये. हा किमतीचा तळ होय.

त्या तळाच्या वर किंमत कधी जाते? फार क्वचित, आणि त्यास कारण लागते. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया पाहा. बादशहाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते. सोंड आखूड निघाल्यामुळे ते लोकांस डुकरासारखे दिसले. बोभाटा झाला, सरकारने ते रुपये मागे घेऊन वितळविले आणि १९१२ पासून ठसा सुधारला. जे वाचले, त्यांस पुढच्या सालांतील रुपयांपेक्षा अधिक किंमत येते. १९३९ चा रुपया तर त्याहून दुर्मिळ. त्या सालाचे फारच थोडे बाहेर राहिले. चांगल्या स्थितीतील असा रुपया नहपानाच्या नाण्यापेक्षा कित्येक पटींनी महाग जातो. एकाचे वय एकोणीसशे वर्षे, दुसऱ्याचे शंभरदेखील नाही! अर्थात १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कलावंतही निपजले आहेत. तो अंक भिंगाखाली पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. उलट १८६२ साल असलेले व्हिक्टोरियाचे रुपये ढिगांनी आढळतात, कारण मुंबईच्या टांकसाळीने तेच साल ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले. कोणत्या वर्षी पाडला हे सूक्ष्म ठिपक्यांनी दाखविले आहे. त्या ठिपक्यांचा अभ्यास करणारे हौशी लोक आहेत आणि त्यांच्या दृष्टीने सगळे १८६२ सारखे नसतात. जाणतेपणास किंमत असते ती अशी.

माळेतील रुपयास मात्र कडी डाखलेली असते. दागिना म्हणून ती शोभते. संग्राहकाच्या दृष्टीने तो रुपया जायबंदी झाला, आणि त्यास चांदीचीच किंमत येते. पुतळ्यांच्या माळेचेही असेच. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. त्यावरील संतापुढे गुडघे टेकलेल्या अधिपतीची आकृती आमच्या लोकांना पुतळीसारखी वाटली आणि नाव पडले. पुढे सोनारांनी तिच्या नकला केल्या, आणि आज घरोघर आहेत त्या बहुतेक नकलाच.

आणखी एक नाश आमच्या स्वयंपाकघरात होतो. विकावयास नेण्यापूर्वी नाणे चिंचेने, राखेने किंवा रांगोळीने घासून लख्ख करण्याची आपल्याकडे फार आवड. तांब्यावर शतकभरात जो काळपट तपकिरी साज चढतो, तो घासला की किंमत निम्म्याहून खाली येते. देवाच्या ताम्हनाला चिंच लावावी, नाण्याला नको.

आता खोट्या नाण्यांविषयी. राम, सीता, लक्ष्मण, मारुती यांचे चित्र, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा आणि १८१८ साल, असा तांब्याचा मोठा तुकडा दाखवून लाखोंच्या गोष्टी सांगणारे लोक महालक्ष्मीच्या यात्रेपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत भेटतात. मद्रासकडे कंपनीने विष्णूची आकृती असलेले सोन्याचे होन पाडले होते, हे खरे. पण रामदरबाराचा अर्धा आणा कंपनीने कधीही पाडला नाही. मुंबई इलाख्यातील कंपनीच्या पैशावर तराजू असे व त्याखाली फारशी लिपीत अदल, म्हणजे न्याय, हा शब्द. रामदरबाराचे तुकडे अलीकडच्या काळातील बनावट आहेत; त्यांची किंमत त्यांतील तांब्यापितळेइतकी. त्यातही तांदूळ ओढणारे नाणे म्हणून एक प्रकार निघाला आहे. नाण्याजवळ तांदळाचे दाणे सरकतात, यात इरिडियम नावाची धातू आहे, परदेशी संस्था कोट्यवधी रुपये देते, असे सांगतात. इरिडियम तांदूळ ओढत नाही आणि लोखंडही ओढत नाही. दाण्यांत लोखंडाचा कीस लपविला आणि नाण्यात लोहचुंबक बसविला की खेळ झाला. सातवीतील मुलाने पकडावा असा हा प्रयोग आहे.

तथापि या सर्वांहून अधिक नुकसान हल्ली मोबाईलवरून होते. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ सालचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखांना जाते, ७८६ आकडा असलेल्या नोटेस लाखो मिळतात, भोकाचा पैसा असला तर कळवा, असे संदेश फिरतात. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळात अलोट संख्येने पडला. त्यास फार तर हौसेची किंमत येते. नेहरूंचे चित्र असलेला १९६४ चा रुपया तर जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पण संदेश पाठविणाऱ्यास नाणे नकोच असते. तलासरीकडील एका शेतमजूर कुटुंबाची गोष्ट सांगतो. त्यांनी अशाच एका संदेशास उत्तर दिले. पलीकडून मोठ्या अदबीने सांगण्यात आले की, आपले नाणे पसंत आहे, अकरा लाखांस सौदा झाला. फक्त नोंदणीचे साडेसातशे रुपये पाठवा. ते पाठविले. मग कराचे चार हजार. तेही उसने काढून पाठविले. मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेले एक प्रमाणपत्र आले आणि त्यासाठी नऊ हजारांची मागणी आली. तेव्हा त्या घरातील मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली. नाणे पाहिले तर ते साधे दहा रुपयांचे, आजही दुकानात चालणारे! मुलगी हुशार, तिने एकच प्रश्न विचारला: गुरुजी, अकरा लाख देणारा माणूस नऊ हजार त्यातून कापून का घेत नाही? पोलिसांत तक्रार झाली. दिलेले पैसे परत आले नाहीत. पण नऊ हजार वाचले.

याविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे कळविले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, ती अशा व्यवहारांवर शुल्क किंवा दलाली घेत नाही, आणि असे पैसे घेण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही. बँकेच्या नावाने जो पैसे मागेल तो ठक, इतके समजावे.

जमिनीत नाणी सापडली तर काय करावे, हे शेवटी सांगतो, कारण आमच्याकडे हा प्रसंग कधीमधी येतो. बागेत खड्डा खणताना, घराचा पाया काढताना. येथेही एक समजूत आडवी येते: सरकारला कळले की सर्व जाते आणि वर शिक्षा होते. १८७८ चा निखात निधीचा कायदा तसे म्हणत नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, एवढी सापडणाऱ्यावर सक्ती आहे. शिक्षा आहे ती लपविल्याबद्दल. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ज्याचे कोणी हक्कदार धनी निघत नाहीत, असा निधी सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. त्यांचा आपसांत दुसरा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा. सरकारला तो निधी हवा असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा सरकार देते. हा मोबदला थोडा आहे असे माझे मत आहे. इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या साठ्यास केवळ धातूची किंमत लावणे मला पटत नाही, आणि लोक लपवितात त्याचे एक कारण हेही आहे. तरीसुद्धा रात्री सोनाराकडे गेलेल्या साठ्यास सोनार किती देतो हे ज्यांनी पाहिले आहे, ते कायद्याचा हिस्सा कमी म्हणणार नाहीत. शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर पाठविणे १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने खासगी माणसास मना आहे, हेही ध्यानात ठेवावे. परदेशी गिऱ्हाइकाच्या बाता येथेच संपतात.

नाणे ओळखून घ्यावयाचे तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. तिचे नाण्यांचे संग्रहालयही पाहण्याजोगे आहे. मुंबईस फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन-संग्रहालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. मुलांना तेथे एकदा न्यावे. नाणी पाहावयास नेताना ती एकमेकांवर घासू देऊ नयेत. प्रत्येक नाणे निराळ्या कागदी पाकिटात घालावे, आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहावे: कोठे मिळाले, कोणास मिळाले, कोणत्या वर्षी, बरोबर आणखी काय होते. आजीच्या माळेतील असेल तर आजीचे नाव आणि गाव लिहावे. माळ तोडू नये.